ब्लूटूथ डोंगल, हातातला स्कॅनर की सरळ गॅरेज? चेक इंजिनचा दिवा लागल्यावर काय परवडतं

आधी एक सांगतो, दिवा नुसता पेटून राहिला असेल तर निवांत वाचा, पण लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घेऊन बंद करा, कारण तेव्हा मिसफायर (सिलिंडरमधलं पेट्रोल नीट न पेटणं) जोरात चालू असतो आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर साफ करणाऱ्या भागात, जाऊन त्याची वाट लावतं.

आता डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड मोबाईलवर दाखवणारं छोटं यंत्र. स्टिअरिंगखालच्या १६ पिनच्या सॉकेटला लावायचं, मोबाईलवर ॲप टाकायचं, झालं. बहुतेक सगळी गाडीशी बोलणाऱ्या ईएलएम३२७ चिपची नाहीतर तिच्या नकलेची असतात, आणि अगदी फालतू नक्कल असली की अर्ध्या कमांड चालत नाहीत, मधेच कनेक्शन तुटतं, मग आपण गाडीला शिव्या घालत बसतो. आयफोनवाल्यांनी साधं ब्लूटूथवालं घेऊ नये, वायफाय किंवा ब्लूटूथ एलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) बघून घ्या. आणि काम झालं की काढून ठेवा, त्या सॉकेटला चावी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो.

पण डोंगल मला आवडतं ते लाइव्ह डेटासाठी, म्हणजे इंजिन चालू असताना दिसणाऱ्या आकड्यांसाठी. पी०१७१ आला होता माझ्याकडे, म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. कोड बघून एकाने सरळ ऑक्सिजन सेन्सर बदलून दिला, आठवड्यात दिवा परत. मग स्वतः फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमीजास्त करतोय तो आकडा) बघितला तर आयडलला, म्हणजे रेस न देता, प्लस वीसच्या पुढे आणि २५०० आरपीएमला जवळजवळ नॉर्मल, म्हणजे थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी हवा चोरून आत येतेय. निघाला काय, तर चिरलेला व्हॅक्युम पाइप. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता! उलटं असतं, म्हणजे रेस केल्यावर ट्रिम वाढला असता, तर मी फ्युएल पंप, फिल्टर नाहीतर एअरफ्लो सेन्सरकडे बघितलं असतं.

हातातला साधा कोड रीडर, ज्याच्यावर दोन ओळींचा डिस्प्ले असतो, तो मला तरी पटत नाही. कोड वाचतो, उडवतो, संपलं. पण त्याच्याच वरचा, एबीएस आणि एअरबॅग वाचणारा स्कॅनर वेगळी गोष्ट आहे, कारण साध्या डोंगलच्या जनरल ॲपला इंजिनचे पी कोड दिसतात, सी (एबीएस वगैरे) आणि बी (एअरबॅग वगैरे) कोड सहसा नाहीच. ठराविक कंपनीच्या गाडीसाठी बनवलेलं ॲप असेल तर डोंगलवरही बरंच दिसतं म्हणा. ब्रेकचं काम घरी करणार असाल आणि इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर सर्व्हिस मोड (कामासाठी ब्रेक मोकळा करणारी सोय) असलेला स्कॅनरच बघा, ब्रेकचा पिस्टन जबरदस्तीने मागे ढकलू नका.

गॅरेज कधी? इंजेक्टर कोडिंग (नव्या इंजेक्टरची ओळख कॉम्प्युटरला करून देणं), डीपीएफ रीजनरेशन (डिझेलच्या काजळीचा फिल्टर जाळून साफ करणं), वायरिंग किंवा यू कोडची (गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या आपसातल्या संपर्काची) भानगड, स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं), असलं काही असेल तेव्हा. फक्त जाताना "कोड सांगा" म्हणू नका, "तपासून कारण सांगा" म्हणा, दोन्हींत फरक आहे. पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं सांगणारा कोड) आला की कन्व्हर्टरच बदलायला सांगणारे भेटतात, पण एक्झॉस्टची गळती किंवा जुना मिसफायर आधी बघायला हवा.

पी०३०१ (एक नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर) सारखं काही असेल आणि प्रत्येक सिलिंडरला प्लगची ठिणगी पाडणारी वेगळी कॉइल असेल तर मात्र कुठेच जायची गरज नाही, एक नंबरची कॉइल तीनवर लावा, कोड पी०३०३ झाला तर कॉइलच गेलीय. नाही झाला तर प्लगचीही अशीच अदलाबदल करून बघा, त्यानंतर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन.

माझं मत विचाराल तर गाडी एकच आणि हात काळे करायची आवड थोडीशीच, तर बऱ्यापैकी डोंगल पुरतं. घरात दोनतीन गाड्या आणि ब्रेक-सस्पेन्शन स्वतः करता, तर स्कॅनर.

आणि काहीही घ्या, कोड उडवायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा. कोड आला तेव्हाचा स्पीड, आरपीएम, इंजिनचं तापमान त्यात असतं, आणि कोड उडवला की तेही पुसलं जातं, वर रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्यात की नाही याची नोंद) शून्यावर येतात ते वेगळंच.