पाचारण आणि स्वतःचं सुख: ठरवण्याआधी दोन्ही बाजू

पाचारण म्हणजे देवाची हाक. एकीकडे ती हाक: पूर्णवेळ सेवाकार्य, धर्मगुरूपण किंवा परमुलखातली सेवा. दुसरीकडे आवडीचं काम, लग्न, आपलं घर. ही तुलना ज्याचा निर्णय अजून व्हायचा आहे त्याच्यासाठी आहे. आधी एक गोष्ट तपासा: दोन्ही वाटा चांगल्या आहेत का? एक वाट सरळसरळ पापाची असेल तर निवडण्यासारखं काही उरतच नाही. येशूसंघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला याने 'आत्मिक साधना' या आपल्या पुस्तकात आणखी एक कुंपण घातलं आहे. लग्न किंवा याजकपद यांसारखा कायमचा शब्द एकदा दिला की त्याची निवड पुन्हा उघडायची नाही, तो नीट कसा जगायचा एवढंच पाहायचं. संसार असलेल्या माणसाला 'देवाने बोलावलं' म्हणून घर सोडावंसं वाटू लागलं, तर शंका त्या हाकेवर घ्यावी.

मनातली शांती हा पुरावा धरावा का?

बहुतेक जण इथेच फसतात. 'प्रार्थनेनंतर मन शांत झालं, म्हणजे हीच देवाची इच्छा' हे वाक्य फार ऐकू येतं. पण बायबलमधला संदेष्टा योना, देवाने जायला सांगितलेलं निनवे शहर टाळून, भाडं भरून, तार्शीशच्या जहाजात बसला आणि भर वादळात तळाशी गाढ झोपला होता. पळून जाणाऱ्यालाही झोप लागते. उलट गेथशेमाने बागेत, अटकेच्या आधी, आज्ञा पाळणारा येशू व्याकूळ होता आणि दुःखाचा प्याला टळावा म्हणून त्याने तीन वेळा तीच प्रार्थना केली. त्यामुळे एका तासापुरती शांती आणि एका रात्रीची घालमेल, दोन्हींवर निर्णय टांगू नये.

पाहायचं असतं ते भावनेनंतर काय उरतं ते. 1521 मध्ये पाम्पलोना इथे तोफगोळ्याने पाय मोडून इग्नेशियस अंथरुणाला खिळला होता. शौर्याची आणि दरबाराची स्वप्नं रंगवताना त्याला मजा यायची, पण नंतर मन कोरडं व्हायचं. संतांसारखं जगण्याचे विचार मात्र ओसरल्यावरही गोडी मागे ठेवून जात. ही कसोटी वापरायची असेल तर दोन आठवडे 'मी हाक स्वीकारली' असं मनाशी धरून नेहमीची कामं करा, पुढचे दोन आठवडे 'मी नाकारली' असं धरून. रोज रात्री दोनच ओळी लिहा: विचार आला तेव्हा कसं वाटलं, आणि तो गेल्यावर कसं. मधे मन उदास आणि कोरडं झालं, तर त्या दिवसांत ठरलेल्यात काहीही बदल करू नका. हा नियमही त्याचाच, आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा.

कुठे काय बिघडतं

आज्ञापालनाच्या बाजूला सगळ्यात मोठी गफलत म्हणजे त्रासालाच खूण समजणं. 'मला जे सर्वांत नकोसं तेच देवाला हवं' असं बायबल कुठेही म्हणत नाही. मोडलेलं लग्न, सुटलेली नोकरी, आईवडिलांनी लहानपणीच केलेला नवस, पाळकांचा म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचा आग्रह, यांपैकी काहीही हाकेचा आवाज काढू शकतं. अशा पायावर उभं राहिलेलं आज्ञापालन येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावासारखं होतं: वर्षानुवर्षं राबणारा, आज्ञा न मोडणारा, आणि घरात मेजवानी असताना रागाने बाहेर उभा.

सुखाच्या बाजूची गफलत वेगळी. तिथे कोणी 'नाही' म्हणत नाही, 'आत्ता नाही' म्हणतो. सगळं विकून माझ्यामागे ये, असं येशूने ज्याला सांगितलं त्या श्रीमंत तरुणाने आपली मालमत्ता राखली आणि तो खिन्न होऊन निघून गेला. जे सुख राखायला गेला तेच हातून गेलं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. हाकेला होकार दिल्यावर सुख जातंच असंही नाही. प्रेषित पौलाला सुवार्ता घेऊन बिथुनिया प्रांतात जायचं होतं, वाट अडली, दृष्टान्तामुळे तो मासेदोनियाला गेला आणि फिलिप्पैत फटके खाऊन तुरुंगात पडला. मध्यरात्री तो तिथे स्तोत्रं गात होता.

खर्चाचा हिशेब

बुरूज बांधणारा आधी बसून खर्च मोजतो, असं बायबलमधल्या लूकच्या 14व्या अध्यायात आहे. कागदावर चार रकाने करा: स्वीकारण्याचे फायदे, स्वीकारण्यातले धोके, नाकारण्याचे फायदे, नाकारण्यातले धोके. दोनच रकाने केले तर नाकारण्याची किंमत दिसतच नाही. मग तुमच्याच परिस्थितीतला एखादा अनोळखी माणूस डोळ्यांसमोर आणा आणि त्याला काय सल्ला द्याल ते लिहा. आपण स्वतःला दिलेल्या सल्ल्यापेक्षा हा बहुधा स्वच्छ निघतो.

कर्ज आणि आपल्यावर अवलंबून असलेली माणसं हा मुद्दा भक्तीच्या नावाखाली उडवता येत नाही. 'कुर्बान' म्हणून देवाला वाहिलं असं सांगून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना येशूने मार्क 7 मध्ये खडसावलं आहे. दुसऱ्या टोकाला अलीशा आहे, संदेष्टा एलीयाने शेतातून बोलावलेला. तो बारा जोत बैलांनी नांगरत होता. आईवडिलांचा निरोप घेऊन आला, बैल कापले, अवजारांच्या लाकडावर मांस शिजवून लोकांना जेवू घातलं. निरोप नीट घेतला आणि परतीचं साधनही संपवलं.

परत फिरता येतं का?

अलीशासारखं लगेच सगळं जाळावं लागत नाही. कॅथलिक संन्यासी संघांत 1983 च्या कॅनन लॉनुसार (चर्चच्या कायद्यानुसार) नॉव्हिशिएट, म्हणजे सुरुवातीचा उमेदवारीचा काळ, किमान 12 महिन्यांचा असतो आणि त्यात कधीही निघून जाता येतं. तात्पुरती व्रतं किमान 3 वर्षांची, साधारणपणे 6 पर्यंत. कायमची व्रतं वयाच्या 21 वर्षांआधी घेताच येत नाहीत. तात्पुरत्या व्रतांची मुदत संपल्यावर घरी परतणारा व्रत मोडत नाही. तुमच्या मंडळीत (चर्चमध्ये) अशी रचना नसेल तर पाळकांशी बोलून मुदत आणि फेरविचाराची तारीख आधीच लिहून घ्या, आणि त्या दिवशी प्रश्न विचारायला घर आणि मंडळी या दोन्हींच्या बाहेरचा एखादा अनुभवी माणूस बोलवा.