रायझन ५६००एच लॅपटॉप आणि रायझन ५६०० डेस्कटॉप: नऊ महिने दोन्हींवर काम केल्यानंतर

दसऱ्याला डेस्कटॉप असेंबल करून घेतला, तेव्हा दुकानदार म्हणाला, "साहेब, तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे तेच आहे हे. सहा कोअर, बारा थ्रेड. काय फरक पडणार?" लॅपटॉपमध्ये एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००एच प्रोसेसर, डेस्कटॉपमध्ये रायझन ५ ५६००. (कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे हात, थ्रेड म्हणजे ते एका वेळी सांभाळतात ती कामं.) नावात एका अक्षराचा फरक. मी नाशिकला लग्नांचे फोटो-व्हिडिओ करतो. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू होतो, आणि मग रात्री एक्स्पोर्ट लावायचा नि झोपायचं, हा नेम. तेव्हापासून दोन्ही मशीन एकाच टेबलावर आहेत.

कागदावर बघितलं तर दोन्ही झेन ३ या एकाच पिढीच्या रचनेचे, दोन्हींचे कोअर ७ नॅनोमीटरचे. एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी, लॅपटॉपला १६ एमबी, डेस्कटॉपला ३२. कमाल वेग ४.२ आणि ४.४ गिगाहर्ट्झ. टीडीपी, म्हणजे किती उष्णता धरून चिप बनवली तो आकडा, ४५ आणि ६५ वॉट. एवढं वाचून कुणालाही वाटेल, फार तर दहा टक्के इकडेतिकडे.

पहिल्या आठवड्यात डेस्कटॉपनं लॅपटॉपला धू धू धुतलं. मी खूश. मग ध्यानात आलं की लॅपटॉपमध्ये रॅमची ८ जीबीची एकच स्टिक आहे आणि डेस्कटॉपमध्ये दोन. एका स्टिकवर मेमरीचं एकच चॅनल, म्हणजे ये-जा करायची एकच वाट, चालतं, वर ८ जीबीत लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा जीव गुदमरतो. म्हणजे मी प्रोसेसर नाही, रॅम मोजत होतो. दुसरी स्टिक टाकली, लाइटरूममधली ग्राफिक्स कार्डाची मदत दोन्हीकडे बंद केली आणि एकाच हळदीचे ८०० रॉ (कॅमेऱ्यातले कच्चे) फोटो दोन्हीकडे जेपेग करायला लावले.

पहिली दोन-तीन मिनिटं दोघं खांद्याला खांदा लावून. मग लॅपटॉपचा पंखा चढला. तापमान ९५ अंश, प्रोसेसर सुरुवातीला ५४ वॉट खात होता तो ३८ वर उतरला, आणि ४ गिगाहर्ट्झच्या आसपासचे कोअर ३.३ वर आले. कीबोर्डची वरची ओळ इतकी तापली की एफ५ दाबायला बोट धजेना. डेस्कटॉप मात्र ७६ वॉटच्या मर्यादेला टेकून शेवटपर्यंत त्याच वेगात. डेस्कटॉपला १७ मिनिटं लागली, लॅपटॉपला २३. वैशाखात पंख्याखालीही खोली ३८ अंशांवर गेली, तेव्हा लॅपटॉपला २६ लागली, तेही खाली दोन काड्यापेट्या ठेवून. डेस्कटॉप १८ वर थांबला, पण खोक्यातून आलेला छोटा कूलर चटणी वाटल्यासारखा आवाज करायचा. तो कूलर बदलायला हवा, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मग एक उद्योग केला. डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन प्रोसेसरला ४५ वॉटची वेसण घातली. म्हटलं, बघू मोठा भाऊ उपाशीपोटी किती पळतो. तेवीस मिनिटं आणि वर काही सेकंद! लॅपटॉपपेक्षा किंचित मागेच. कारण असं, की डेस्कटॉपची चिप तुकड्यांची आहे. कोअर एका तुकड्यावर, मेमरी आणि बाकीची जोडणी दुसऱ्या तुकड्यावर, आणि हा दुसरा तुकडा काम असो-नसो, आपले वॉट खात बसतो. लॅपटॉपची चिप अखंड एका तुकड्याची, काटकसरी. तेव्हा लॅपटॉपची चिप दुबळी आहे, असं म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालतो. तिला श्वास घ्यायला जागा नाही, एवढंच.

फोटो निवडणं, अल्बमची पानं लावणं, ब्राउझर, हिशोब यांत फरक शून्य. ही कामं काही सेकंदांच्या झटक्यांची असतात आणि तेवढ्यात लॅपटॉप तापतच नाही. ज्याचं काम एवढंच आहे, त्यानं डेस्कटॉपच्या भानगडीत पडू नये.

दुकानदारानं न सांगितलेली एक गोष्ट महागात पडली. ५६००मध्ये आतलं ग्राफिक्स नाही, ५६००एचमध्ये आहे. मशीन घरी आणलं, सुरू केलं, मॉनिटर काळा. संध्याकाळी धावपळ करून जुनं ग्राफिक्स कार्ड शोधलं. शिवाय जानेवारीत एक्स्पोर्ट निम्म्यावर असताना लाइट गेली. लॅपटॉपला पत्ताच नाही, डेस्कटॉप खपला. दुसऱ्या दिवशी यूपीएस आणला. हे दोन्ही खर्च धरले, तर स्वस्तात पडल्याचा माझा आनंद बराच ओसरतो. अर्थात लॅपटॉप बॅटरीवर चालतो म्हणून हुरळू नका. प्लग काढला की माझा लॅपटॉप पुष्कळ मंदावतो, आणि हॉलवर रिसेप्शनच्या आधी हायलाइट दाखवायची असते तेव्हा मी आधी सॉकेट शोधतो, मग जेवण.

डेस्कटॉपच्या बाजूनं आणखी एक. प्रोसेसर काढता-घालता येतो असं एएम४ सॉकेट असल्यानं उद्या त्याच बोर्डावर आठ कोअरचा प्रोसेसर बसेल. लॅपटॉपचा बोर्डालाच डकवलेला, तो जन्मभर सहा कोअरचाच.

आषाढात काम नव्हतं म्हणून परवा लॅपटॉप उघडला. पंख्याच्या जाळीत नमद्यासारखी धूळ, आणि प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. साफ करून नवी पेस्ट लावली आणि तेच ८०० फोटो पुन्हा लावले. साडेएकवीस मिनिटं. तेव्हा वर लिहिलेल्या लॅपटॉपच्या २३मधून दीड मिनिट माझ्या आळसाच्या खात्यावर टाका.