फक्त रेट बघू नका: जागतिक बँकेची 'रेमिटन्स प्राइसेस वर्ल्डवाइड' वेबसाइट

शारजात एका साइट ऑफिसात मी हिशेब लिहितो. पगार झाला की घरी पैसे पाठवायला निघालेली आमच्या खेड-दापोलीची पोरं विचारणार, "भाऊ, आज रेट काय?" म्हणजे इथल्या दिरहमला रुपये किती. फी किती, हे कुणी विचारत नाही. 'झिरो फी'चा बोर्ड लागला की मग तर रांगच. त्यांना मी आधी ही वेबसाइट उघडून दाखवतो. फुकट आहे.

जागतिक बँक ती 2008 पासून चालवते. कुठून कुठे पैसे पाठवायचे ते निवडा. 200 आणि 500 डॉलर पाठवायला कोण किती घेतं ते कंपनीवार दिसतं. यूएई ते भारतही आहे. फी वेगळी, रेटमध्ये मारलेले पैसे वेगळे आणि दोन्हीची बेरीज टक्क्यांत. खरी किंमत इथेच कळते. समजा 200 डॉलर, म्हणजे 735 दिरहम पाठवले. फी 20 दिरहम. बाजारात दिरहमला 23 रुपये, काउंटरवर 22.70. फीचे 2.7 टक्के, रेटचे 1.3. चार टक्के गेले, पावतीवर मात्र फीच दिसली. तीच फी 3,000 दिरहमवर पाऊण टक्कासुद्धा होत नाही. थोडे थोडे पाठवणारा हेल्परच जास्त भरतो. संयुक्त राष्ट्रांना हा खर्च 2030 पर्यंत 3 टक्क्यांखाली आणायचाय. जगाची सरासरी अजून 6 च्या वर आहे.

उणं एकच: आकडे तिमाहीचे. आजचा रेट इथे मिळणार नाही.

परदेशी जाऊन माणसाचं भलं किती झालं हे मोजताना अर्थतज्ज्ञ हे आकडे धरतात. पण परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटचे पैसे यात नाहीत, आणि ते या वेबसाइटचं कामही नव्हे. भारतात नोंदणीकृत एजंटला कायद्याने 30,000 रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. किती दिले ते कुठल्याही लेबर कॅम्पात विचारा! त्यासाठी संयुक्त राष्ट्रांचं वेगळं माप आहे: नोकरी मिळवायला कामगाराने केलेला खर्च त्याच्या तिथल्या महिन्याच्या पगाराच्या किती पट. थोडक्यात, किती महिने फुकट राबलास. कर्ज काढून आलेल्या पोराला मी आधी तेच विचारतो, टक्के नंतर.

पाचपैकी साडेतीन. कुठल्या कंपनीत खातं उघडावं ते ठरवायला उत्तम. रोजच्या रेटला आपली एक्सचेंजची खिडकी आहेच.