रिफंड काढून देतो म्हणाला आणि माझ्याच नावावर खोटं आयकर रिटर्न भरलं

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा, उद्यमबागेत फौंड्रीत सुपरवायझर. 2022 च्या जुलैमध्ये शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर एक एजंट यायचा. "मामा, पगारातून 33,800 टीडीएस, म्हणजे आयकर, कापलाय नव्हं? सगळा परत काढून देतो. पैसे आल्यावर दहा टक्के द्या." माझ्याआधी चार-पाच जणांना पैसे मिळाले होते, म्हणून मीही फॉर्म 16, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला, दिला. त्यानं मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला, मी गेटवर उभ्या-उभ्याच सांगितला. तीच माझी सही ठरली.

महिन्याभरात 33,800 खात्यात जमा झाले. 3,380 त्याला रोख दिले.

2024 च्या डिसेंबरात सोबतच्या एकाला नोटीस आली, तेव्हा मी घाबरून सीएकडे गेलो. आयकराच्या ई-फायलिंग साइटवर लॉगिन होईना. आधार ओटीपीनं पासवर्ड बदलला, तेव्हा कळलं की प्रोफाइलमधला मोबाइल आणि ईमेल दोन्ही त्या एजंटचे. विभागाचे मेसेज त्याच्याकडे जात होते, मला एकही दिसला नव्हता. मग सीएनी रिटर्न उघडून एकेक ओळ वाचून दाखवली. राजकीय पक्षाला देणगी 60,000. मेडिक्लेम 25,000. शैक्षणिक कर्जाचं व्याज 20,000. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती! पक्षाला मी आयुष्यात एक रुपया दिलेला नाही.

मेख त्या बेरजेत होती. माझं करपात्र उत्पन्न 6,00,000. त्यातून ही 1,05,000 ची खोटी वजावट केली की 4,95,000 उरतात. आयकराच्या जुन्या पद्धतीत, जिच्यात अशा वजावटी चालतात, 5 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम 87ए ची सूट मिळून कर शून्य झाला, म्हणून कापलेला सगळा पैसा परत आला. खरं तर कंपनीनं कापलेला कर अगदी बरोबर होता, मला एक पैसाही परत येणार नव्हता. रिफंड म्हणजे जास्त कापलेला कर, एवढंच. टक्केवारीवर काम करणाऱ्याला मात्र आकडा फुगवण्यातच कमाई असते.

मला नोटीस निघाली नव्हती, म्हणून अद्ययावत रिटर्न, म्हणजे आधीची चूक सुधारणारं रिटर्न, भरता आलं. 33,800 परत, वर निम्मा जादा कर, म्हणजे व्याज सोडून 50,700. नोटीस आल्यावर चुकीची माहिती दिल्याचा दंड कराच्या 200 टक्क्यांपर्यंत जातो. रिटर्न माझ्या नावाचं, म्हणून जबाबदारीही माझीच. एजंटचा फोन तेव्हापासून बंद आहे.

आपल्याकडे जमिनीचा उतारा कानडीत, रिटर्न इंग्रजीत. न वाचता पुढं सरकवायची सवय लागलीय आपल्याला, आणि हे लोक त्यावरच जगतात. पावती नसलेली एकही वजावट लावू देऊ नका. भरलेल्या रिटर्नची प्रत मागून घ्या, घरातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. आणि आज रात्रीच ई-फायलिंगचं प्रोफाइल उघडून मोबाइल नंबर कुणाचा आहे ते बघा. आमच्या शिफ्टमधल्या तिघांनी अजून उघडलेलं नाही. येत्या रविवारी मी त्यांच्या घरी जाणार आहे.