खाणीतला हिरा नको, मग कोणता खडा घ्यावा?

खाणीतला हिरा घ्यायचा नाही, एवढं ठरवून माणूस दुकानात जातो आणि तिथे खरा गोंधळ सुरू होतो. सिंथेटिक, सिम्युलेटेड, लॅब, हायब्रिड, डायमंड-कोटेड अशी नावं लावलेले खडे एकाच ट्रेमध्ये मांडलेले असतात. दिव्याखाली सगळेच चमकतात. विकणारा हसून सांगतो, "सगळं सारखंच आहे हो." ते सारखं नाही.

या खड्यांचे सरळ दोन गट पडतात. पहिल्या गटात यंत्रात वाढवलेला पण खराखुरा हिरा येतो, म्हणजे तोच कार्बन आणि तीच स्फटिकरचना. दुसऱ्या गटात हिऱ्यासारखे दिसणारे वेगळेच पदार्थ येतात: मॉइसनाइट, क्युबिक झिरकोनिया, पांढरा नीलम वगैरे. तुम्हाला हिराच हवा आहे की हिऱ्यासारखी चमक पुरे आहे, याचं उत्तर आधी मनाशी पक्कं करा. दुसऱ्या कुणासाठी घेत असाल तर त्या व्यक्तीला विचारूनच घ्या. हिरा समजून घातलेला खडा हिरा नाही, हे वर्षभराने कळलं तर खड्याचा दोष नसतानाही खडा डोळ्यांत खुपायला लागतो.

आधी आकडे एका नजरेत पाहून घेऊ:

| खडा | कठीणपणा (मोह्ज) | अपवर्तनांक | रंगांची उधळण (डिस्पर्शन) | घनता |
|---|---|---|---|---|
| हिरा (खाणीतला किंवा लॅबमधला) | १० | २.४२ | ०.०४४ | ३.५२ |
| मॉइसनाइट | ९.२५ | २.६५–२.६९ | ०.१०४ | ३.२२ |
| क्युबिक झिरकोनिया | ८–८.५ | २.१५–२.१८ | ०.०६ च्या आसपास | ५.६–६ |
| पांढरा नीलम | ९ | १.७६–१.७७ | ०.०१८ | ४ |

अपवर्तनांक (खड्यात प्रकाश किती वळतो त्याचं माप) जितका जास्त, तितका खड्यात शिरलेला प्रकाश आत उलटसुलट फिरून वर परत येतो. उधळण जास्त असली की पांढऱ्या उजेडाचे लाल-निळे ठिपके जास्त पडतात. मोह्जचे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही मोजपट्टी समान अंतरांची नाही, आणि ९ ते १० ही शेवटची पायरी सगळ्यात उंच आहे.

लॅबमधला हिरा

जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९५४ मध्ये ट्रेसी हॉल यांनी प्रचंड दाब आणि उष्णता वापरून हिरा तयार केला. तो कापण्या-घासण्याच्या हत्यारांपुरता होता. दागिन्यात बसेल असा खडा त्याच कंपनीने १९७० मध्ये दाखवला. ती पद्धत म्हणजे एचपीएचटी (उच्च दाब, उच्च तापमान). वितळलेल्या लोखंड-निकेल-कोबाल्टसारख्या धातूत कार्बन विरघळतो आणि हिऱ्याच्या छोट्या बीजावर जमत जातो. दुसरी पद्धत सीव्हीडी, म्हणजे वायूतून कार्बन जमवणं. हिऱ्याची पातळ चकती एका बंद पेटीत ठेवतात, आत मिथेन आणि हायड्रोजन सोडून त्यांचा प्लाझ्मा (विद्युतभारित तप्त वायू) करतात आणि कार्बन थरावर थर चढत जातो. मध्येच ग्राफाइट तयार झालं तर तिथला हायड्रोजनच ते खरवडून काढतो. काही आठवड्यांनी ओबडधोबड, कडांना काळपट झालेला एक चौकोनी ठोकळा बाहेर येतो. लेझरने कडा उडवल्या की तो पैलू पाडायला जातो. त्याला पैलू पाडणारा कारागीर खाणीतल्या हिऱ्यालाही तसेच पाडतो.

नुसत्या डोळ्यांनी या दोन हिऱ्यांत फरक कळत नाही, भिंगाखालीही सहसा नाही. सराफाकडचं खडा उष्णता किती वाहून नेतो ते तपासणारं पेनही दोन्हीला हिराच म्हणेल, आणि ते चूक नाही. फरक ओळखायला प्रयोगशाळेतली उपकरणं लागतात.

दोन्ही पद्धतींच्या आपापल्या खोडी आहेत, आणि विकत घेताना इथेच नजर लागते. सीव्हीडी खड्यात कधी तपकिरी किंवा करडी झाक येते. ती घालवायला पुष्कळ खड्यांवर नंतर दाब-उष्णतेची प्रक्रिया करतात. काही खडे किंचित दुधाळ दिसतात. कागदावर शुद्धतेची श्रेणी उत्तम, पण खडा मात्र पुसट काचेआड ठेवल्यासारखा. एचपीएचटी खड्यात बोरॉनमुळे निळसर झाक येऊ शकते. आत धातूचे कण राहिले असतील तर खडा चुंबकाकडे ओढलाही जातो. म्हणून खडा दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली बघून ठरवू नका. खिडकीजवळच्या साध्या उजेडात पांढऱ्या कागदाच्या घडीत उलटा ठेवा आणि बाजूने बघा. झाक असेल तर तिथे दिसते.

प्रमाणपत्राचीही गोष्ट बदलली आहे. अमेरिकेतल्या जीआयए संस्थेने लॅबमधल्या हिऱ्यांसाठी रंग आणि शुद्धतेच्या नेहमीच्या बारीक श्रेण्या देणं ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलं. आता ती 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' अशा दोनच पायऱ्या वापरते. आयजीआयसारख्या संस्था पूर्वीसारखी तपशीलवार श्रेणी देतात. माझ्या मते लॅबमधल्या हिऱ्यात पैलूंची घडण बघा, रंगाच्या एका पायरीसाठी झुरू नका. निर्दोष रंगाचा पण चुकीच्या कोनात कापलेला खडा मेलेला दिसतो.

आणि पैशांचं? लॅबमधल्या हिऱ्यांचा पुरवठा वाढत गेला तसे भाव घसरत गेले. डी बिअर्ससारख्या खाणकंपनीने २०१८ मध्ये लाइटबॉक्स नावाने असे दागिने बाजारात आणले आणि २०२५ मध्ये तो धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा 'पुढे मोडीत चांगली किंमत येईल' असं कोणी सांगितलं तर विषय बदला. खाणीतला हिराही किरकोळ ग्राहकाने विकायला काढला की घेतलेल्या किमतीच्या बराच खालीच जातो, पण लॅबमधल्या हिऱ्याला तर बहुतेक ठिकाणी कोणी परत घेतच नाही. हे पैसे दागिना घालण्याच्या हौसेसाठी खर्च झाले असं धरून चला.

मॉइसनाइट

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आँरी म्वासाँ कृत्रिम हिरा बनवण्याच्या मागे लागले होते. १८९३ मध्ये ॲरिझोनातल्या कॅन्यन डायब्लो इथल्या उल्केचे तुकडे तपासताना त्यांना चमकदार कण सापडले. त्यांना ते आधी हिरेच वाटले. पुढे ते सिलिकॉन कार्बाइड निघालं आणि खनिजाला त्यांचंच नाव मिळालं. निसर्गात ते इतकं दुर्मिळ आहे की दागिन्यातलं सगळं मॉइसनाइट यंत्रातलंच असतं. १९९८ मध्ये चार्ल्स अँड कोलव्हार्ड या कंपनीने ते दागिन्यांच्या बाजारात आणलं. पेटंटची मुदत संपल्यावर इतर उत्पादक उतरले आणि ते सगळीकडे मिळू लागलं.

याला मी 'नकली हिरा' म्हणणार नाही, कारण ते हिऱ्यापेक्षा वेगळं दिसतं. तक्त्यातला ०.१०४ पुन्हा बघा. हिऱ्याच्या दुपटीहून जास्त उधळण आहे ही. उन्हात किंवा ठिपक्याठिपक्याच्या दिव्यांखाली हात हलवला की रंगांचा सडा पडतो. काहींना ते फार आवडतं, काहींना भडक वाटतं. खडा लहान असेल तर फारसं जाणवत नाही. मोठा झाला की हिरे रोज बघणाऱ्या माणसाला लगेच कळतं.

दुसरी खूण भिंगाखाली दिसते. मॉइसनाइट प्रकाशाचा किरण दुभंगतं, त्यामुळे खालच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. मात्र खडा बरोबर वरून बघितला तर हे लपतं, कारण पैलू पाडतानाच तशी काळजी घेतलेली असते. जरा तिरकं धरून वरच्या बाजूच्या पतंगाकृती पैलूतून आत बघायचं. एकेरी रेघेच्या जागी रुळांसारख्या दोन रेघा दिसल्या तर ते मॉइसनाइट. उष्णतेचं साधं पेन इथे फसतं, कारण मॉइसनाइटही उष्णता झपाट्याने वाहून नेतं. त्यासाठी विजेची वाहकताही तपासणारं यंत्र लागतं.

टिकाऊपणात मात्र तक्रारीला जागा नाही. रोजच्या धुळीतले वाळूचे कण मोह्जवर ७ च्या आसपास असतात. ९.२५ च्या खड्याला ते काही करू शकत नाहीत. हिरा कठीण असला तरी ठरावीक दिशांनी फटकन चिरतो. मॉइसनाइटला तशी सहज फुटण्याची दिशा नाही. दागिना दुरुस्त करताना आच लागली तरी ते सोसतं. गरम असताना पिवळसर होतं, निवलं की पूर्ववत.

सुरुवातीच्या काळातलं मॉइसनाइट हिरवट-पिवळट असायचं. आता रंगहीन मिळतं, तरी 'रंगहीन' हा शब्द बिलावर लिहून घ्या.

क्युबिक झिरकोनिया, म्हणजे अमेरिकन डायमंड

नाव अमेरिकन, पण दागिन्यांसाठी मोठ्या प्रमाणावर तो पिकवण्याची पद्धत मॉस्कोच्या लेबेदेव्ह संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात बसवली. झिरकोनियम ऑक्साइड वितळायला सुमारे २,७५० अंश सेल्सियस लागतात आणि ते पेलेल असं भांडं मिळणं अवघड. त्यांनी भांडं वगळूनच टाकलं. पाणी खेळवलेल्या तांब्याच्या नळ्यांच्या वेढ्यात भुकटी भरायची आणि रेडिओलहरींनी मधला भाग वितळवायचा. नळ्यांना चिकटलेली बाहेरची भुकटी थंडच राहते आणि तीच भांड्याचं काम करते.

नवा कोरा, चांगला कापलेला झिरकोनिया हातभर अंतरावरून हिऱ्यासारखाच दिसतो. अडचण पुढे येते. बोटातल्या अंगठीत रोज घातला की पैलूंच्या टोकदार कडा हळूहळू बोथट होतात, वर बारीक ओरखडे येतात आणि खडा धूसर दिसायला लागतो. मग कितीही धुवा, ते तेज परत येत नाही. कानातल्यांना आणि गळ्यातल्या पेंडंटला कसला घासच लागत नाही. तिथे तो वर्षानुवर्षं छान राहतो, आणि माझ्या मते तिथे त्याहून महागडं काही घेण्याची गरजही नसते.

'डायमंड-कोटेड' नावाने जे विकलं जातं ते बहुधा हेच असतं, वर पातळ मुलामा दिलेलं. मुलाम्याने आतला खडा बदलत नाही.

बाकीचे

पांढऱ्या नीलमाचं नाव राजेशाही आहे आणि कठीणपणाही ९ आहे, पण हिऱ्याच्या जागी तो बसत नाही. १.७७ अपवर्तनांकाचा खडा मधोमध पारदर्शक दिसतो, खालचं बोट दिसावं तसा. नीलम म्हणून आवडत असेल तर घ्या, हिऱ्याचा पर्याय म्हणून नको.

जुन्या दागिन्यांत स्ट्रॉन्शियम टायटनेटसारखे खडेही भेटतात. त्याचा अपवर्तनांक जवळजवळ हिऱ्याइतका आणि उधळण चौपटीहून जास्त, पण कठीणपणा जेमतेम ५.५. म्हणजे घरातली धूळसुद्धा त्याला ओरखडते.

कॅरटमध्ये नको, मिलिमीटरमध्ये बोला

कॅरट हे वजन आहे, आकार नाही, आणि इथे प्रत्येक पदार्थाची घनता वेगळी. एक कॅरटचा गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. तेवढंच मॉइसनाइट ०.९ कॅरटच्या आतबाहेर भरतं आणि तेवढाच झिरकोनिया दीड कॅरटच्या वर जातो. म्हणून 'दोन कॅरटचा अमेरिकन डायमंड' ऐकून हुरळून जाऊ नका. व्यास विचारा. मॉइसनाइट विकणारे बरेचदा 'इतक्या कॅरटच्या हिऱ्याएवढं' अशी मापं देतात. तीही मिलिमीटरमध्ये ताडून घ्या.

कोंदणाचाही विचार करा. खडा स्वस्त असला की दागिनाही हलका घडवलेला असतो आणि खडा धरणाऱ्या नख्या काडीसारख्या बारीक. खडा हरवतो तो यामुळेच. मॉइसनाइटची रोजची अंगठी करायची तर सोन्यात, मजबूत नख्यांची करा आणि खडा प्रचलित गोल मापाचा ठेवा. उद्या मन बदललं तर त्याच कोंदणात लॅबमधला हिरा बसवता येईल. एरवी घडणावळ पुन्हा भरावी लागते.

नैतिकतेचा मुद्दा

पुष्कळ जण याच कारणाने खाणीतला हिरा सोडतात. २००३ पासून लागू असलेली किंबर्ली प्रक्रिया ही आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र योजना बंडखोर गटांना पैसा पुरवणाऱ्या कच्च्या हिऱ्यांपुरतीच आहे. मजुरांचे हाल, सरकारी सैनिकांची दडपशाही, उकरलेली जमीन हे तिच्या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे 'किंबर्ली प्रमाणित' एवढ्या दोन शब्दांवर समाधान मानणं कठीण आहे. दुसऱ्या बाजूला बोत्स्वानासारख्या देशाने हिऱ्यांच्या पैशांतून शाळा आणि रस्ते उभे केले आहेत, हेही खरं.

लॅबमधल्या खड्याला खाण लागत नाही, पण वीज लागते, आणि भरपूर लागते. ती कोळशाची की पाण्या-वाऱ्याची, यावर 'हरित' हे विशेषण खरं की खोटं ते ठरतं. ज्या विक्रेत्याला खडा कुठे पिकवला हेही सांगता येत नाही, त्याच्या हिरव्या पानाच्या शिक्क्याला मी काही किंमत देत नाही.

तर मग

रोजची अंगठी आणि हिराच हवा असा हट्ट असेल तर लॅबमधला हिरा, उत्तम घडणीचा, रंगात थोडी तडजोड करून. रोजचीच अंगठी पण खडा मोठा हवा आणि रंगांची उधळण आवडते, तर मॉइसनाइट. कानातली, पेंडंट आणि समारंभापुरते दागिने यांना झिरकोनिया. बाजूला जडवायच्या बारीक खड्यांना लॅबमधले हिरे बरे, कारण मधल्या हिऱ्याशेजारी मॉइसनाइटची चुणी वेगळ्याच रंगात लुकलुकते.

पैसे देण्याआधी बिल वाचा. पदार्थाचं नाव स्पष्ट हवं: 'लॅबमध्ये वाढवलेला हिरा', 'मॉइसनाइट' किंवा 'क्युबिक झिरकोनिया'. नुसतं 'डायमंड' किंवा 'सिंथेटिक स्टोन' चालणार नाही. लॅबमधल्या हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे सगळ्यात रुंद कडेवर, प्रमाणपत्राचा क्रमांक लेझरने कोरलेला असेल तर भिंग मागून तो स्वतः वाचा आणि कागदावरच्या क्रमांकाशी जुळवा. हे करताना विकणाऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या तर दुसरं दुकान बघा.