जुन्या मोटरहोमचा फर्नेस, त्याचे आवाज आणि करंटचा घोळ : फ्लॅगस्टाफच्या मोबाईल टेक्निशियनचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो, पाचपैकी साडेचार. अ‍ॅरिझोनात फ्लॅगस्टाफ, विल्यम्स, ग्रँड कॅनियन या पट्ट्यात जुनं मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) घेऊन फिरत असाल तर या माणसाचा नंबर जवळ असायलाच हवा. एकटाच काम करतो, व्हॅन घेऊन थेट कॅम्पग्राउंडवर येतो, आणि माझं नाव-नंबर जाहीर टाकू नका असं त्यानंच सांगितलंय कारण थंडी पडली की फोन आवरत नाहीत, त्यामुळं इथं देत नाही, ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी मेसेज करा.

आमची गाडी नव्वदच्या दशकातली क्लास सी, म्हणजे व्हॅनच्या सांगाड्यावर घर बांधलेली, फोर्ड ई-३५० च्या चासीवरची. फिनिक्समध्ये राहतो तेव्हा फर्नेसची, म्हणजे गाडी आतून गरम ठेवणाऱ्या गॅसच्या हीटरची, आठवणही येत नाही, पण आय-१७ हायवे धरून वर निघालात की अडीच तासांत साधारण ७,००० फुटांवर पोचता आणि नोव्हेंबरात तिथं रात्री पारा शून्याच्या खाली असतो. त्यात यावेळी सांगलीहून आई-बाबा आलेले, आईला थंडी अजिबात सोसत नाही, म्हणून फर्नेस चालणं गरजेचंच होतं.

त्रास असा होता. थर्मोस्टॅट वर केला की आधी कण्हल्यासारखा कर्कश आवाज, मग खडखड, मग पंखा फिरत राहायचा पण हवा गारच. कधी पेटायचा तर एकदम धप्प करून पेटायचा, आई दचकून उठून बसायची. फर्नेस सुरू झाला की लाईट मंद, पाण्याचा पंपही दमल्यासारखा. आणि या सगळ्याशिवाय रात्रभर एक बारीक घूंऽऽ असा आवाज यायचा जो फर्नेस बंद असला तरी थांबत नव्हता. एका मोठ्या डीलरच्या वर्कशॉपला आधी दाखवलं होतं, तिथं झाकण उघडून बघितलं न बघितलं आणि फर्नेस जुना झालाय, अख्खा बदला, दोन हजार डॉलरच्या वर खर्च, शिवाय काही आठवडे थांबा. व्होल्टेज कुणी मोजलंच नाही तिथं, आणि माझा खरा राग त्याच्यावर आहे.

या टेक्निशियननं आल्या आल्या स्क्रूड्रायव्हर काढला नाही, प्रश्न विचारले. आवाज बॅटरीवर असताना जास्त की प्लग लावल्यावर? लाईट सगळे मंद होतात की मागच्याच बाजूचे? गार हवा किती वेळ येते? मग मीटर काढला. बॅटरी नुसती असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे चांगली भरलेली. फर्नेस चालू करून बॅटरीवर परत मोजलं तर १२.३, हेही ठीक. आणि मग फर्नेसच्या अगदी तोंडाशी मोजलं तर १०.२. म्हणजे दोन व्होल्टच्या वर वाटेतच गायब!

इथं फर्नेस कसा चालतो ते थोडं सांगतो कारण बहुतेकांना हे कुणी सांगतच नाही. गॅस प्रोपेनचा असला तरी पंखा १२ व्होल्ट डीसीवर चालतो, आणि एकाच मोटरच्या दांड्यावर दोन पंखे असतात, एक जळण्यासाठी बाहेरची हवा ओढतो आणि दुसरा घरातली हवा गरम करून फिरवतो. हवेच्या वाटेत एक पातळ पट्टी असते, सेल स्विच म्हणतात तिला, हवा पुरेशी जोरात आली तरच ती ढकलली जाऊन स्विच लागतो आणि त्यानंतरच फर्नेसचा कंट्रोल बोर्ड ठिणगी टाकतो आणि गॅस सोडतो. व्होल्टेज कमी तर मोटर हळू, मोटर हळू तर पट्टी हलत नाही, पट्टी हलली नाही तर गॅस नाही, आणि तुम्ही गार हवेत बसून फर्नेस मेला असं समजता. खरं तर तो बिचारा बरोबर वागत असतो, हवा नसताना गॅस सोडायचा नाही हेच त्याला शिकवलंय. काही लोक हा सेल स्विच वायर जोडून बायपास करतात, कृपा करून असलं काही करू नका, झोपेत जीव जाईल.

मग गायब व्होल्ट शोधायची पद्धत मला फार आवडली. मीटरची एक टोच बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी फर्नेसच्या निगेटिव्ह वायरला, फर्नेस चालू ठेवून. तिथं शून्याच्या आसपास दिसायला हवं, दिसलं दीड व्होल्ट. तसंच पॉझिटिव्हच्या बाजूला, तिथं साधारण अर्धा. म्हणजे मोठी घट ग्राउंडला, निगेटिव्हच्या बाजूला. पलंगाखालचा प्लायवूड काढला तर चासीला एका स्क्रूनं वायर कसलेली, रिंग हिरवी पडलेली, खाली रंग आणि गंज. बाबा महावितरणमधून रिटायर झालेत, ते टॉर्च धरून शेजारीच बसले होते, बघितल्या बघितल्या म्हणाले "अरे कार्बन धरलाय हा, लूज कॉन्टॅक्ट." त्या माणसाला मराठी कळलं नाही पण बोट कुठं दाखवलंय ते बरोबर कळलं, नंतर दोघांचं मस्त जमलं. फर्नेस साधारण ८ अँप घेत होता, दीड व्होल्ट गुणिले ८ म्हणजे १२ वॅट, एवढी उष्णता त्या एका स्क्रूवर! हात लावला तर खरंच कोमट लागत होता. पॉझिटिव्हला फ्यूजची क्लिप तपकिरी पडून ढिली झालेली, ती बदलली. रंग घासून चकचकीत पत्रा काढला, नवीन लग (वायरच्या टोकाची रिंग) दाबून बसवला, घट्ट केल्यावर वरून ग्रीस. परत मोजलं, फर्नेसशी ११.९, आणि पंख्याचा आवाजच बदलला, मिनिटाभरात गरम हवा.

एक गोष्ट त्यानं मुद्दाम दाखवली. फर्नेस बंद ठेवून तीच वायर मीटरच्या बीपवर (वायर जोडलेली असली की वाजतो तो) तपासली तर मस्त बीप वाजतो, म्हणजे सगळं ठीक वाटतं. नळाला पाणी आहे पण प्रेशर नाही हे नळ उघडल्याशिवाय कसं कळणार, तसंच हे, लोड टाकल्याशिवाय खराब जोड सापडत नाही. जुन्या गाडीत लाईटचा काहीही घोळ असला तरी आधी हे करा, पार्ट नंतर मागवा.

आता आवाजांचं. खडखड निघाली ती मड डॉबर नावाच्या गांधीलमाशीच्या मातीच्या घरट्याची, जळणाच्या पंख्यात वाळलेल्या मातीचे तुकडे अडकून तो डगमगत होता. मी विचारलं जाळी लावू का बाहेरून, तर फर्नेसच्या तोंडाला नको म्हणाला, हवा अडते आणि फर्नेस बनवणारेही जाळी लावू नका असंच सांगतात, त्यापेक्षा दर सीझनला उघडून बघ. धप्प आवाज म्हणजे गॅस आधी साठतो आणि उशिरा पेटतो. मॅनोमीटर लावून गॅसचं प्रेशर बघितलं, ११ इंच वॉटर कॉलम (गॅसचं प्रेशर या मापात मोजतात), बरोबर होतं, म्हणजे रेग्युलेटरचा दोष नाही. बर्नरमध्ये गंजाचा भुगा आणि इलेक्ट्रोडचं अंतर वाढलेलं, ते साफ करून अंतर इंचाच्या आठव्या भागावर आणलं, आता पेटल्याचं नीट ऐकूही येत नाही. कर्कश आवाज मात्र मोटरच्या बुशचा (दांडा ज्यात फिरतो ते), तो पूर्ण गेला नाही. तेल टाकलं तर थोडे दिवस गप्प बसेल पण मी तेल टाकून पैसे घेणार नाही, हा सीझन काढ आणि उन्हाळ्यात मोटर बदल, असं सरळ सांगितलं. मला हे पटलं.

रात्रभरचा घूं मात्र फर्नेसचा नव्हताच, कन्व्हर्टरचा होता, म्हणजे बाहेरच्या प्लगची वीज १२ व्होल्ट डीसी करून बॅटरी भरणाऱ्या डब्याचा. जुना सिंगल स्टेज, आतला ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, आणि बॅटरी भरली तरी एकाच व्होल्टेजवर ढकलत राहतो म्हणून बॅटरीचं पाणी उडतं, माझ्या बॅटरीत सारखं डिस्टिल्ड वॉटर का घालावं लागायचं ते तेव्हा कळलं. नवीन येतात ते १४.४ वर भरतात, मग १३.६, आणि गाडी उभी असली की १३.२ वर ठेवतात. माझ्याकडूनच घे असा आग्रह अजिबात नाही, ऑनलाइन घे, जुन्याच्याच खाचेत बसेल असा बघ, एवढंच. घेतला, बसवला, रात्री आता शांत.

जायच्या आधी सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि गॅस डिटेक्टर उलटे करून मागची तारीख बघितली, दोन्हीची मुदत संपलेली. फर्नेस दुरुस्त करून दिलाय पण हे बदलल्याशिवाय रात्री चालू ठेवायचा नाही म्हणून अडूनच बसला. व्हॅनमध्ये होते, बसवून घेतले. गॅसचा डिटेक्टर जमिनीलगत का असतो ते बाबांनी विचारलं, प्रोपेन हवेपेक्षा जड, खाली साचतो. बायको म्हणाली होती फर्नेस राहू दे, इलेक्ट्रिक हीटर लावू, तर त्यावरही त्याचं मत ऐकण्यासारखं: १,५०० वॅटचा हीटर इथल्या १२० व्होल्टवर साडेबारा अँप घेतो, तीस वर्षं जुन्या आउटलेटमधून ते रात्रभर ओढायचं नाही, आणि बऱ्याच गाड्यांत फर्नेसची गरम हवा खाली टाक्या आणि पाइपांकडेही जाते, हीटरनं तुम्ही गरम राहाल आणि पाइप गोठतील.

अर्धा स्टार का कापला? सकाळी येतो म्हणाला आणि दुपार झाली, मधे फोन लागत नव्हता, आई-बाबा कुडकुडत बसलेले तेव्हा हे जड जातं. कार्ड घेत नाही, कॅश किंवा चेक. छताचं काम, एसी, इंजिन यातलं काही करत नाही. बिल हातानं लिहिलेलं, पण त्यावर आधीचं आणि नंतरचं प्रत्येक रीडिंग लिहून दिलंय, १०.२ पासून ११.९ पर्यंत, असं बिल मला आजवर कुठल्याही वर्कशॉपनं दिलेलं नाही. येण्याचा चार्ज, तास, डिटेक्टर सगळं धरून ४०० डॉलरच्या थोडं आत.

बोलावणार असाल तर ऑक्टोबर संपायच्या आत बोलावा, पुढं तारीख मिळत नाही. आणि फर्नेसच्या झाकणाआतल्या स्टिकरचा फोटो आधीच पाठवून ठेवा, त्यावर मॉडेल नंबर असतो, म्हणजे मोटर किंवा बोर्ड लागलाच तर सोबत घेऊन येतो आणि दुसऱ्या फेरीचे पैसे वाचतात.