सोळा कप्पे की पाच पट्ट्या?

कोचिंगमध्ये नव्याने उतरलेले बरेच जण विचारतात, स्वभाव ओळखायला एमबीटीआय (माणसाला सोळांपैकी एका प्रकारात बसवणारी चाचणी) घेऊ की बिग फाइव्ह (पाच गुणांच्या पट्ट्यांवर मोजणारी)? मी दोन्ही वापरलंय. मोजमाप काही केलेलं नाही, अनुभव तेवढा सांगतो.

एमबीटीआयमुळे माणूस पहिल्या अर्ध्या तासात बोलता होतो, हे मान्यच. मानसशास्त्रज्ञ युंगच्या कल्पनांवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी ती रचली. त्यातली भाषा चटकन तोंडात बसते आणि सोळांपैकी कुठलाही प्रकार निघाला तरी कुणी हिरमुसत नाही. दहा-बारा जणांच्या टीमची एखादी दुपार रंगवायची असेल तर आजही मी तीच काढेन.

माझं घोडं अडलं ते पुढे. एमबीटीआयचा प्रत्येक प्रकार चार अक्षरांत सांगतात; त्यातल्या शेवटच्या अक्षरात एक प्लांट हेड 'जे' निघाले होते, म्हणजे सगळं आखून करणारे. सहा महिने आम्ही त्या 'जे'वर घासलो: ऐनवेळचे बदल पचवायचे, मीटिंग जरा सैल सोडायची. मध्येच त्यांनी हौसेने पुन्हा चाचणी दिली, तर 'पी', म्हणजे ऐनवेळी ठरवणारे! कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "सर, मग इतके दिवस आपण नक्की कुणावर काम करत होतो?" मी चहा मागवला.

माणूस तोच होता. आधी 'जे' आणि 'पी' यांच्या मधल्या रेघेच्या जेमतेम अलीकडे होता, आता जेमतेम पलीकडे. कल किती स्पष्ट आहे हे अहवालात दिलेलं असतं, नाही असं नाही. पण लक्षात राहतं ते अक्षर. आणि बहुतेक माणसं त्या रेघेच्या आसपासच असतात.

बिग फाइव्हमध्ये रेघच नाही, पट्टीवरची जागा कळते. बिग फाइव्ह मोजणाऱ्या नीओ चाचणीची मोठी प्रश्नावली २४० प्रश्नांची, जीव कंटाळतो. पण पाचही गुणांचे सहा-सहा पैलू सुटे दिसतात. याच साहेबांची चिकाटी खूप वर निघाली आणि नीटनेटकेपणा तळाला. दोन्हींची बेरीज मध्यावर, म्हणून ते अक्षर डोलत असावं. मग बोलणं थेट त्यांच्या टेबलावरच्या फायलींच्या ढिगावर आलं आणि काम पुढे सरकलं.

बिग फाइव्ह बोचते, हेही खरं. पाचांतल्या एका गुणाचं 'न्यूरॉटिसिझम' हे नाव छापलेलं बघून एक बाई अख्खं सत्र गप्प बसल्या होत्या. तेव्हापासून अहवाल हातात देण्याआधी मी 'ताण किती लवकर चढतो' एवढंच म्हणतो.

खर्चाची अडचण असेल तर बिग फाइव्हसाठी आयपीआयपी या खुल्या प्रश्नसंचातले प्रश्न फुकट मिळतात, तिथून सुरुवात करा. आणि एचआरने भरतीसाठी एमबीटीआय मागितली तर सरळ नाही म्हणा. ती त्यासाठी नाही, असं प्रकाशकच सांगतात.